चार खिळ्यांची भिंत

आत्या, तुला जाऊन तिसरा दिवस होता. सकाळी राख सावडून माणसं घरी आली होती. बायका मागच्या दारी बसल्या होत्या आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर दत्तूमामा, आईचे थोरले भाऊ, बसले होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "लई गुणाची हुती सुमन," म्हणाले. शेजारच्या घरून आलेला चहा बशीत ओतला, बशी तोंडाला लावता लावता भिंतीकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "आमची घोड्याची फ्रेम दिसंना गं कुठं?"

खरंच सांगते, उठून बाहेर जावं आणि ओकून यावं असं वाटलं. आई मात्र चपापली. "हाय की, पुसायला काढली हुती," असं खोटं बोलली आणि तिनं मला डोळ्यानं खुणावलं.

आणि मी गेले, आत्या. पलंगाखालचं पोतं ओढलं, त्यातून सात पांढऱ्या घोड्यांची फ्रेम बाहेर काढली. मागच्या पुठ्ठ्याला पालीच्या अंड्याचं टरफल चिकटलं होतं, ते नखानं खरवडलं. काच ओढणीनं पुसली. खिळ्यावरची धबधब्याची फ्रेम उतरवली आणि घोडे लावले. मामांनी खाली लाल अक्षरांतलं आपलं नाव वाचलं, मान हलवली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

तू असतीस तर मामा एसटीतून उतरायच्या आधीच घोडे भिंतीवर असते.

मला हे नीट लिहिता येईल का माहीत नाही. कॉलेजात निबंध लिहिते, पण त्यात आपलं असं काही लिहायचं नसतं. जे मनात आहे ते चांगलंही नाही. तू गेल्यापासून मला रडू कमी आणि किळस जास्त आली आहे. लोकांची, भिंतीची, माझीसुद्धा. तुला आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, "शितले, तोंड सरळ कर, पावणं हायती."

आपलं घर बांधून झालं तेव्हा मी आठवीत होते. वास्तुशांतीला निमगावातली आणि पाहुण्यांतली मिळून किती माणसं आली होती, आणि येताना प्रत्येकाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. सगळं उघडून झाल्यावर तूच मोजलंस. सतरा. तीन घड्याळं आणि चौदा फ्रेमा. दिवा लावला की पाणी वाहतंय असं वाटणारा धबधबा. गुलाबी गालांचं परदेशी बाळ. बर्फाच्या डोंगराखालचं लाल छपराचं घर, जिथं आपल्यातलं कुणी कधी जाणार नाही. चमकी लावलेले देव. आणि प्रत्येकाच्या खाली 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव, गावासकट. काही नावं तर चित्रापेक्षा मोठी.

खिळे होते चार. वायरमननं मशीननं भोकं पाडली तेव्हा पाचव्या भोकाला हाताएवढा गिलावा खाली आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुझ्या दादानं, त्याच दिवशी सांगून टाकलं, "बास. आता ह्या भिंतीला कुणी हात लावायचा न्हाय." घर त्यांनी स्वतः रोज पाणी मारून पिकवलं होतं. त्या गिलाव्यावर त्यांचा जीव होता.

सतरा वस्तू आणि चार खिळे. आणि ज्यानं दिलं त्याला त्याचं दिलेलं भिंतीवर दिसलंच पाहिजे, ही आपल्याकडची रीत. दिसलं नाही तर माणूस तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या लग्नाला पत्रिका उशिरा येते. मग हे काम तुझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, तूच घेतलंस. घरातली जी कामं कुणाचीच नसायची ती सगळी तुझी असायची.

तुला वाचायला जेमतेम यायचं, पण कोणाचं काय ते तुला पाठ होतं. काटेवाडीचे पाहुणे म्हणजे बर्फाचं घर. सोसायटीतले काका म्हणजे मोरपिसाचं घड्याळ. सकाळी अण्णांचा फोन वाजला की तू आधी कान द्यायचीस, मग पोत्याकडे जायचीस. ते दोघं भाऊ आठवतात? बांधावरून कोर्टात गेलेले? तू थोरल्यासाठी त्याची फ्रेम लावलीस आणि दारात उभा राहिला धाकटा. बदलायला वेळ नव्हता. तू पटकन जाऊन त्या फ्रेमेला पाठ लावून उभी राहिलीस.

"बस की सुमन," धाकटे म्हणाले.

"नगं, कंबर धरलीया. हुभंच बरं वाटतंय."

"दवाखान्यात दाखीव."

"दाखवत्ये की."

पाऊण तास तू तशी उभी होतीस. चहासुद्धा मला आणायला लावलास. ते गेल्यावर तू मटकन खाली बसलीस आणि आपण दोघी हसून हसून लोळलो. अण्णा ओरडले, "काय दात काढताय?" तर तू म्हणालीस, "काय न्हाय दादा, कंबर सुटली."

मी तेव्हा हसले. पुढं बारामतीला कॉलेजात गेले, आणि हसू यायचं बंद झालं. तिथं दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला लागले. त्यांतल्या एकीच्या घरी एकदा गेले होते. त्यांच्या भिंतीवर एकच चित्र होतं, मातकट रंगाचं, आणि बाकी भिंत मोकळी. मला ती मोकळी भिंत इतकी श्रीमंत वाटली. सुट्टीला घरी आले आणि आपल्या पुढच्या खोलीत पाय ठेवला तर अंगावर शहारा आला. तो दिव्याचा धबधबा, ती चमकी, फ्रेमांच्या मागून खाली ओघळलेली पालीची घाण, आणि सगळीकडे दुसऱ्यांची नावं. मी तुला म्हणाले, "आत्या, भिंत आपली आणि नावं सगळ्या गावाची. तुला शिसारी येत नाही?"

तू गहू निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "भिंत दादाची हाय. मी आपली बदलणारी."

"मग तुझं काय आहे ह्या भिंतीवर?"

"माजं कशाला पायजे?"

"का नको?"

"तुज्या खोलीवर तरी हाय का तुजं? तुमची मालकीणबाई खिळा ठोकू देती?"

देत नव्हती. करारात लिहूनच घेतलं होतं. मला राग आला. वाद तिथंच राहिला आणि पुढं कधी पुरा झाला नाही. सुट्टी आली की कुठूनतरी तो निघायचाच. मी म्हणायचे, सगळ्या फ्रेमा पोत्यात घाल आणि पोतं विहिरीत टाक. तू म्हणायचीस, "मग पावणं आलं की तू हुभी ऱ्हा भिंतीला टेकून."

मी कॉलेजात आहे ते तुझ्यामुळे, हे मी तुला कधी म्हणाले नाही. बारावीनंतर अण्णा गप्प होते, म्हणजे स्थळ बघत होते. तू त्यांच्या पुढ्यात जाऊन बसलीस. मी दाराआड होते. तू म्हणालीस, "दादा, माज्याकडं बग. टाकलेल्या बाईचं काय हुतं ते घरात बघतोयस न्हवं? हिला चार बुकं शिकू दे. उद्या हिलाबी कुणी टाकली तर तुज्या भिंतीला टेकून तरी ऱ्हायला नगो." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझं सासर निघालं की त्यांच्या डोळ्यांत नेहमीच पाणी यायचं. पळसदेवकडच्या त्या माणसानं आपल्या बहिणीला टाकली, हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझा फॉर्म भरायला बारामतीला आले. आपल्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फॉर्मवर काय लिहायचं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

आता दुकानातला दिवस. तो लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

गेल्या वर्षी डोळे दाखवायला तू बारामतीला आली होतीस. डॉक्टरकडून निघालो आणि तू म्हणालीस, "चित्राचं दुकान हाय का गं हितं? मला एक घ्यायचंय." मी चकित झाले. म्हणाले, कोणाला द्यायला? तू म्हणालीस, "मला."

दुकानात तू तासभर हिंडलीस. दुकानदार म्हणाला, "मावशी, ही राधाकृष्णाची जोडी न्या, लई खपतीय." तू असं तोंड केलंस की जणू त्यानं नासलेलं दूध पुढं केलं. "जोडी नगं," म्हणालीस. मग कोपऱ्यात तुला ते सापडलं. नारिंगी समुद्र, जांभळं आभाळ आणि मधोमध एक बोट. रंग असे की डोळ्यात घुसावेत. तू खूश होऊन म्हणालीस, "ही बग. ह्यात माणूस न्हाय एकबी."

आणि मी काय केलं? मी इकडेतिकडे बघितलं, माझ्या कॉलेजचं कोणी आहे का ते. "आत्या, हे फार भडक आहे," म्हणाले. "असलं आता कोणी लावत नाही." मग मी तुला मातकट रंगाचं एक चित्र दाखवलं, वाळलेल्या फांदीवर दोन बारीक पाखरं. "हे बघ किती साधं आणि छान आहे."

तू बोटीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "तुला कळतंय म्हंजे बरं आसल," म्हणालीस. आणि आपण फांदी घेतली.

सबंध भिंत दुसऱ्यांच्या आवडीनं भरलेली म्हणून मी तुझ्याशी भांडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही घ्यायला आलीस तेव्हा तुझी आवड मी मोडली. फरक एवढाच की मी खाली लाल अक्षरांत माझं नाव घातलं नाही. तू गेल्यावर तुझ्या ट्रंकेमागे ते चित्र सापडलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. दत्तूमामांची मला किळस आली म्हणून लिहिलं वर. त्याहून जास्त ह्या गोष्टीची आली.

पण दुकानातून निघाल्यावरचं सांगायचंय. आपण स्टँडवर बसलो होतो. इंदापूरची गाडी लागायची होती. चित्र तुझ्या मांडीवर होतं. तू एकदम म्हणालीस, "शितले, तुला त्या फ्रेमांची शिसारी येती न्हवं?"

"हो."

"तशी मला त्या घराची आली हुती."

"कोणत्या घराची?"

"सासरच्या. त्यानं मला टाकली न्हाय गं. मीच आले. सकाळी भाकऱ्या केल्या, कोंबड्यांचं डालगं झाकलं आन आले निगून. दादा घरी न्हवता तवा दोनदा न्ह्यायला आलं हुतं. मी मागल्या दारानं रानात जाऊन बसले. मग ते आपलं आपून म्हणाय लागलं, टाकली म्हणून. त्यांची तरी आब ऱ्हायली. त्यानं दुसरी केली. बरं झालं."

मी विचारलं, "मग अण्णांना?"

"दादाला सांगू नगो. टाकलेलीला घरात घेत्यात. आपून आलेलीला न्हाय घेत."

एवढं बोललीस आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला आता असं वाटतं की मी पुढचं विचारावं म्हणून तू थांबली होतीस. आणि मी काय केलं, तर "आत्या, गाडी लागली," म्हणाले. लागली होती खरंच. जागा धरायला पळाले. खिडकीतून रुमाल टाकला. तू चढलीस, बसलीस, चित्र पायाशी उभं केलंस. मी खालून हात केला. त्यानंतर आपण त्याबद्दल कधी बोललो नाही.

तुझ्या दहाव्याला ते लोक आले.

तुझा दीर आणि त्याच्याबरोबर चौघं. सुरुवातीचं ते दोनदा सोडलं तर बावीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणी आपल्या फाट्यावरसुद्धा उतरलं नव्हतं. दोन दिवस आधी दिराचा अण्णांना फोन आला होता, "वैनींचा एक फोटो पाठवा." अण्णांनी मला सांगितलं आणि मी पाठवला. माझ्या फोनमध्ये तुझा धड असा एकच निघाला. बाकी सगळ्या फोटोंत तुझं कोपर आहे, पदर आहे, ताट धरलेला हात आहे. हा दिवाळीतला, गोठ्यापाशी. तू बादली घेऊन उभी, ऊन डोळ्यावर आलेलं, आणि "काढू नगो गं, अवतार बग माजा," म्हणतानाचं तुझं अर्धवट उघडलेलं तोंड.

त्यांनी आणली ती फ्रेम दारातून आडवी करून आत घ्यावी लागली. कापड काढलं. आत्या, त्यात हिरव्या साडीतली एक बाई होती. साडी जरीची, खांदे दुसऱ्याच कुणाचे, गोरे, गोल. गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. नाकात नथ. कपाळभर कुंकू. आणि त्या सगळ्याच्या वर तुझं तोंड बसवलेलं, पांढरं करून, गालाला गुलाबी लावून. उघडं तोंड मिटवलं होतं, ओठ लाल केले होते. मागं ढग. खाली 'शोकाकुल' आणि मग त्यांची नावं. पहिलं नाव त्याचं. तुझ्या नावाखाली, 'पती' असं लिहून.

तुझा गळा मला माहीत आहे. मी लहान असताना त्यात हात टाकून झोपायचे. काळ्या दोऱ्याशिवाय तिथं कधी काही नव्हतं. कुणी विचारलं तर तू "कामात अडकतंय" म्हणायचीस.

मला वाटलं अण्णा चिडतील. आत्या, अण्णा रडले. फ्रेम छातीशी धरून, पाहुण्यांसमोर, हुंदके देत. "शेवटाला का हुईना, तुमी तिला आपली म्हणली," असं म्हणाले. दिरानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवताना त्यानं घड्याळ बघितलं, ते मी पाहिलं.

बायकांत जरा कुजबुज झाली. दिलेल्या लेकीचा फोटो माहेरच्या भिंतीला लावत नाहीत म्हणून. पण सासरच्यांनीच आणून दिलाय म्हटल्यावर बोलायला कुणाला जागा राहिली नाही. दिलेलं लावायचंच असतं. अण्णांनी स्वतः मधल्या खिळ्यावरचं मोरपिसाचं घड्याळ उतरवलं आणि ती बाई लावली. प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातला. तुझ्या पोत्यातल्या सतरात अठरावी.

सुट्टीला आले की त्या खोलीत जेवायचं मी बंद केलं. खोटं वाटेल, पण त्या गुलाबी गालांकडे बघून मला घास उतरायचा नाही. अण्णा मात्र रोज सकाळी आंघोळ करून तिच्यापुढं उदबत्ती लावायचे. आल्यागेल्याला दाखवायचे. "तिच्या सासरच्यांनी दिलाय. दहाव्याला सगळी आल्ती." त्यांच्या पाठीला जो बाक आला होता तो थोडा सरळ झाल्यासारखा दिसायचा. म्हणून मी दोन वेळा तोंड उघडून मिटलं.

तिसऱ्या वेळी दुपार होती. अण्णा फ्रेमेची काच पुसत होते. मी म्हणाले, "अण्णा, हा काढू या का? मी माझ्याकडचा मूळचा फोटो मोठा करून आणते. तो तरी आत्याचा आहे."

"त्यो बादलीचा?"

"हो."

"येडी का खुळी तू. शेणाची बादली हातात, तोंड उघडं. असला फोटो लावत्यात व्हय?"

"ती तशी होती."

"तशी ऱ्हायली ती त्यांनी टाकली म्हणून. आता त्यांनी मान दिलाय तिला, तर तू त्यो काढाय निघालीस? लोकांत हिच्या नावाफुडं 'माघारी आलेली' लागायचं. आज बग, नवऱ्याचं नाव लागलं."

"अण्णा, तिला ते नको होतं."

"तुला काय ठावं?"

आता इथं मी थांबायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. तू सांगू नको म्हणाली होतीस. पण अण्णांच्या मागं ती बाई दिसत होती, त्याचं नाव गळ्यात घालून. मला वाटलं, गप्प बसणं म्हणजे ते मंगळसूत्र मीच तुझ्या गळ्यात बांधल्यासारखं आहे. मी सांगितलं. स्टँडवर तू म्हणालीस ते सगळं, भाकऱ्यांसकट.

अण्णांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आई आतून दारात येऊन उभी राहिली होती.

"टाकली न्हवती?" अण्णा म्हणाले.

"नाही."

"म्हंजे बावीस वर्सं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "मी त्यांना शिव्या देत हुतो. भर बाजारात त्याच्या अंगावर धावून गेल्तो एकदा. आन हिनं सांगितलं न्हाय." थोड्या वेळानं माझ्याकडे बोट केलं. "तुला शिकवाया धाडलं, तेबी तिच्या त्या सांगण्यावरच. टाकलेल्या बाईचं काय हुतं बग म्हनली हुती. तेबी खोटंच की."

ते खरं होतं.

अण्णांनी हार काढला. फ्रेम उतरवली. मला वाटलं, झालं, जमलं. पण त्यांनी ती फेकल्यासारखी पोत्यात घातली आणि म्हणाले, "ह्योबी नगं आन तुजा त्यो बादलीचाबी नगं. तिचा कुठलाच नगं माज्या भिंतीवर." आणि चपला घालून रानात गेले.

आईनं खाली पडलेली प्लॅस्टिकची फुलं गोळा केली. मी म्हणाले, "आई, मी चुकले का?" ती म्हणाली, "मला न्हाय बाई कळत. पर त्या हिरव्या साडीवालीपुढं मला केर काढायला लाज वाटायची. परक्या बाईपुढं काढल्यागत." मग दारातून बाहेर बघत म्हणाली, "जेवला न्हाय मानूस."

मी बारामतीला परत आले. अकरा दिवस अण्णांचा फोन नाही. मी केला की आई उचलायची. "रानात हायती," सांगायची, आणि मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा. मी रात्रंदिवस एकच हिशोब लावत होते, की मी तुझ्यासाठी काय मिळवलं. भिंतीवरून ती बाई उतरली, आणि बरोबर तूसुद्धा उतरलीस. अण्णांच्या मनात तुझी एक जागा होती. खोट्यावर बांधलेली का होईना, तू त्यात बावीस वर्षं राहिलीस. ती मी पाडली. तू सांगू नको म्हणाली होतीस, ते उगाच नव्हतं. ह्या लोकांना तू माझ्यापेक्षा फार जास्त ओळखत होतीस. मला फक्त त्यांची किळस करता येत होती, तू त्यांच्यात जगून दाखवलंस. आणि तरीही, आत्या, ती फ्रेम परत भिंतीवर दिसली तर मी परत तेच बोलेन. हे असं का आहे ते मला नीट मांडता येत नाही.

काल दुपारी दोन लेक्चरच्या मध्ये मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले होते आणि फोन वाजला. अण्णा.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"व्हय." मागं मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. "शीतल, एक इचारायचं हुतं."

"विचारा ना."

"ती का आल्ती?"

"म्हणजे?"

"न्हाय म्हंजे, त्यांनी टाकली न्हाय म्हन्तीस. मग भाकऱ्या करून निगून आली, एवढं काय झालं हुतं तिला तितं? मारत हुता का त्यो? का आनखी काय?"

"मला माहीत नाही, अण्णा."

"तुला सांगितलं न्हाय तिनं?"

"मी विचारलं नाही."

मोटार बंद झाली. बहुतेक त्यांनीच बंद केली.

"मीबी न्हाय," अण्णा म्हणाले.